भोसल्यांच्या मुलाचा पालक

सवाई माधवरावांची गोष्ट पुण्याच्या माणसाला नव्याने सांगावी लागत नाही. १७७४ च्या एप्रिलात पुरंदरावर जन्म, चाळीस दिवसांचे असताना पेशवाईची वस्त्रे, नाना फडणिसांची करडी देखरेख आणि १७९५ च्या ऑक्टोबरात शनिवारवाड्यातून खाली पडून ऐन एकविशीत मृत्यू. तो अपघात होता की आत्मघात, हा वाद अजून मिटलेला नाही. शनिवारवाड्यासमोरून जाताना त्या पोरसवदा पेशव्याच्या आठवणीने जीव हळहळला नाही, असा पुणेकर विरळा.

पण नेमक्या त्याच वर्षांत, पुण्यापासून हजाराहून अधिक किलोमीटरवर, कावेरीच्या काठी आणखी एक मराठी मुलगा पोरक्या राजपदाचे ओझे वाहत होता. सवाई माधवरावांपेक्षा तो तीन वर्षांनी लहान. नाव सरफोजी, आडनाव भोसले. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७६ च्या सुमारास तंजावरात जी गादी स्थापली, तिचा तो दत्तक वारस होता. त्यालाही शत्रू होते, त्याच्याही भोवती कारस्थाने होती. त्याला नाना फडणीस मात्र नव्हता. त्याच्या मागे उभा राहिला तो एक अविवाहित, म्हातारा जर्मन पाद्री. त्याचे नाव ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ.

मी आयुष्याची पस्तीस वर्षे बँकेत काढली. कायद्याच्या भाषेत अठरा वर्षांखालच्या मुलाला 'अज्ञान' म्हणतात. खाते त्याच्या नावावर, सही पालकाची. अशी शेकडो खाती माझ्या टेबलावरून गेली. भाचा सज्ञान झाला त्या दिवशी सकाळी दहाच्या ठोक्याला त्याला घेऊन येणारे आणि बारा वर्षांच्या व्याजाची वही त्याच्यापुढे उघडून ठेवणारे मामा मी पाहिले. मुलगा वीस वर्षांचा झाला तरी त्याला खात्याचा पत्ता लागू न देणारे काकाही पाहिले. त्यावरून माझे एक मत झाले. खाते हातात असेतो पालकाची परीक्षा होत नाही. ती होते खाते हातातून सोडताना. श्वार्ट्झच्या चरित्राकडे मी वळलो तो या वाटेने, धर्माच्या वाटेने नव्हे.

हाल्लेचा विद्यार्थी

श्वार्ट्झचा जन्म ऑक्टोबर १७२६ मधला, प्रशियातल्या झोनेनबुर्ग या लहानशा गावातला. ते गाव आज पोलंडमध्ये आहे. आई लहानपणीच गेली. जाताना, हा मुलगा देवाच्या कामाला द्यावा, असे ती सांगून गेली. वीस वर्षांचा होऊन तो हाल्लेच्या विद्यापीठात दाखल झाला. त्या काळी हाल्ले हे लुथरपंथातील भक्तिमार्गी मंडळींचे माहेरघर होते. आपल्याकडच्या वारकऱ्यांनी कर्मकांडापेक्षा अंतःकरणाच्या शुद्धीला मोल दिले, काहीसा तसाच या मंडळींचा आग्रह. अनाथगृहे, शाळा, छापखाना हा त्यांचा संसार.

हाल्लेचा आणि दक्षिण भारताचा संबंध तेव्हाही जुना होता. डेन्मार्कच्या राजाने पाठवलेले दोन जर्मन पाद्री १७०६ मध्ये तरंगमबाडीला, म्हणजे युरोपीयांच्या ट्रांकेबारला, पोचले होते. त्यांपैकी झीगेनबाल्गने तमिळ शिकून नवा करार त्या भाषेत आणला आणि छापलाही. पुढे शुल्ट्झ नावाचा मिशनरी तमिळनाडूहून परतून हाल्लेला तमिळ बायबलाच्या छपाईचे काम पाहत होता. त्याला मदतनीस म्हणून तरुण श्वार्ट्झ तमिळ अक्षरे गिरवू लागला. भारत न पाहताच भारताची एक भाषा त्याच्या कानात शिरली.

१७४९ मध्ये कोपनहेगनला त्याला पाळकाची दीक्षा मिळाली आणि १७५० च्या जुलैत तो भारताच्या किनाऱ्याला लागला. त्यानंतर अठ्ठेचाळीस वर्षे तो इथेच राहिला. मायदेशी एकदाही परतला नाही, लग्न केले नाही, घर बांधले नाही. चार महिन्यांत त्याने तमिळमध्ये पहिले प्रवचन केले. पुढे पोर्तुगीज, फारसी, हिंदुस्तानी शिकला. आणि तंजावरच्या दरबाराशी संबंध आला तेव्हा, राजाची बोली आपल्याला यावी म्हणून, मराठीही शिकला. तमिळ मुलखातल्या एका जर्मन माणसाने भोसल्यांसाठी मराठी शिकावी, हे मला फार हृद्य वाटते.

हैदरअलीचे तीनशे रुपये

आधी काही वर्षे तो त्रिचनापल्लीत होता. तिथल्या इंग्रज पलटणीचा पाळक म्हणून त्याला मिळणाऱ्या पैशांतला मोठा वाटा देऊळ आणि शाळा यांत जाई. स्वतःला एक लहानशी खोली, अंगात काळा झगा, जेवायला भात आणि भाजी. पैशाबाबत या माणसाचा शब्द किती चालत असे, याच्या दोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत.

१७७९ मध्ये मद्रासच्या गव्हर्नरने त्याला श्रीरंगपट्टणला हैदरअलीकडे पाठवले. इंग्रजांच्या वकिलांवर हैदरचा काडीचा विश्वास उरला नव्हता, पण हा पाद्री खोटे बोलणार नाही, अशी त्याची खात्री होती. बोलणी फिसकटली, युद्ध व्हायचे ते झालेच. निघताना हैदरने वाटखर्चाला तीनशे रुपये दिले. श्वार्ट्झने ती थैली मद्रासला सरकारजमा केली. सरकारने ती त्यालाच ठेवायला सांगितली, तेव्हा तंजावरातल्या अनाथ मुलांच्या शाळेसाठी तिचा पाया घातला. पुढे युद्ध पेटल्यावर हैदरने आपल्या सरदारांना हुकूम दिला, की या पाद्र्याला कोठेही अडवू नये. दोन्ही सैन्यांच्या मधून हा माणूस निर्धास्त फिरत असे.

दुसरी गोष्ट त्याच युद्धातली. तंजावरच्या किल्ल्यात उपासमार सुरू झाली. बाहेर धान्य होते, पण ते आणायला बैल नव्हते. रयत बैल देईना, कारण पूर्वीचे पैसे कधी मिळालेच नव्हते. राजाच्या आणि कंपनीच्या शब्दाला किंमत उरली नव्हती. शेवटी श्वार्ट्झने स्वतःच्या नावाने पत्रे लिहिली, की तुमचे पैसे मी देईन. एक-दोन दिवसांतच बैल आले, धान्य आत आले आणि किल्ला वाचला. पैसेही चुकते झाले. दोन सरकारांचा शब्द चालेना तिथे एका पगारी पाद्र्याची हमी चालली! बँकेत आम्ही तारण पाहत असू. या माणसाकडे तारण काहीच नव्हते, होती ती पत.

तुळजाजींचे शेवटचे मागणे

तंजावरचे राजे तुळजाजी हे विद्येचे भोक्ते, पण दैवाचे फटके खाल्लेले. १७७३ मध्ये अर्काटच्या नबाबाने इंग्रजांच्या मदतीने तंजावर घेऊन त्यांना कैदेत टाकले. १७७६ मध्ये लंडनहून आलेल्या हुकमाने राज्य परत मिळाले, पण इंग्रजांची फौज कायमची मानगुटीवर बसली. मुले-नातवंडे डोळ्यांदेखत गेली. राजाचे कारभारावरून मन उडाले आणि कारभाऱ्यांनी रयतेला पिळून काढले. हजारो शेतकरी जमिनी टाकून परागंदा झाले. त्यांना परत बोलावण्याचे काम अखेर श्वार्ट्झकडेच आले आणि त्याच्या शब्दावर माणसे परत येऊन नांगराला लागली.

१७८७ च्या आरंभी, शेवटच्या दुखण्यात, तुळजाजींनी भोसले घराण्याच्या एका शाखेतला नऊ वर्षांचा सरफोजी दत्तक घेतला. श्वार्ट्झला बोलावून मुलाचा हात त्याच्या हाती दिला आणि पालक व्हायची विनंती केली. श्वार्ट्झने नकार दिला. मी परका आणि धर्मगुरू, राजवाड्याच्या आत मुलाचे रक्षण मला जमणार नाही, असे त्याचे म्हणणे. तुमचे सावत्र बंधू अमरसिंह यांना कारभारी नेमा, त्यांच्या हाती मुलगा द्या, असा सल्ला त्याने दिला. तुळजाजींनी तो मानला आणि थोड्याच दिवसांत डोळे मिटले.

सल्ला सरळ होता, पण तो ज्यांच्याविषयी दिला ते माणूस तेवढे सरळ निघाले नाही. अमरसिंहांनी दत्तविधानच अशास्त्रीय असल्याची तक्रार मद्रासला नेली. मुलगा बापाचा एकुलता एक, वयही दत्तकाला जास्त, असे पंडितांचे मत पडले आणि इंग्रजांनी अमरसिंहांना राजा केले. त्या मतामागे पैसा फिरल्याचा बोभाटा पुढे पुष्कळ झाला. मुलगा आता नुसता निरुपयोगी नव्हता, तो अडचणीचा होता. त्याला वाड्याच्या आत कोंडून ठेवले गेले. उजेड नाही, शिक्षण नाही, बाहेरच्या माणसाची भेट नाही.

इथे श्वार्ट्झला हात झटकता आले असते. पालकत्व त्याने घेतलेलेच नव्हते. कागदोपत्री तो मोकळा होता. साठी उलटलेली, मिशनचे काम डोक्यावर. तरीही मरणाऱ्या माणसाने हातात दिलेला तो हात त्याने सोडला नाही. तो पुन्हा पुन्हा वाड्यात गेला, मुलाची स्थिती डोळ्यांनी पाहिली, मद्रासच्या सरकारला कळवत राहिला. मुलाला शिकवायला माणूस ठेवून घेतला, त्याच्याभोवती पहारा मागितला. शेवटी १७९३ मध्ये सरफोजीला आणि तुळजाजींच्या राण्यांना मद्रासला सुरक्षित हलवण्यात आले. तिथे गेरिके नावाच्या दुसऱ्या लुथरपंथी पाळकाने त्याच्या शिक्षणाकडे लक्ष दिले. दरम्यान श्वार्ट्झने दत्तकाच्या प्रश्नाचा पाठपुरावा चालूच ठेवला. काशी आणि कलकत्त्याच्या पंडितांची मते मागवण्यात आली, ती दत्तविधानाच्या बाजूने पडली. एका हिंदू राजपुत्राचा शास्त्रोक्त हक्क शाबीत व्हावा म्हणून एक ख्रिस्ती पाद्री वर्षानुवर्षे झगडत होता!

धर्म आणि कंपनी

आता जो प्रश्न वाचकांच्या मनात आला असेल, तो मलाही पडला होता. पाद्री तो, मुलगा त्याच्या मुठीत. त्याने त्याला बाटवले का नाही?

श्वार्ट्झ धर्मप्रसारक होता आणि ते त्याने कधी लपवले नाही. त्याने हजारोंना बाप्तिस्मा दिला. तंजावरच्या एका मराठी ब्राह्मण विधवेलाही त्याने १७७८ मध्ये पाळयंकोट्टैला बाप्तिस्मा दिला. क्लॅरिंडा या नावाने ती तिथल्या मंडळीची आधारस्तंभ झाली. पण तीही आधी मागायला आली तेव्हा, ती एका इंग्रज अधिकाऱ्याबरोबर लग्नाविना राहते म्हणून, त्याने नकार दिला होता. संख्या वाढवण्यासाठी नियम वाकवणारा हा माणूस नव्हता. सरफोजीबाबत तर त्याची भूमिका स्पष्ट दिसते. आपला धर्म त्याला पटावा ही इच्छा त्याने मरणापूर्वी तोंडाने बोलून दाखवली, पण पालकत्वाचे हत्यार तिच्यासाठी वापरले नाही. सरफोजी शिवभक्त राहिला, मराठीत राहिला, पुढे १८२० साली मोठ्या लवाजम्यासह काशीयात्रेला गेला. ज्या स्थितीत मुलगा हाती आला, त्याच नावागावाचा, त्याच देवधर्माचा, पण भरपूर शिकून मोठा झालेला असा परत दिला गेला. वहीतली मुद्दल शाबूत आणि वर व्याज.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. या साऱ्यात इंग्रजांचा फायदा झाला तो श्वार्ट्झला दिसला नाही का? २९ जून १७९८ रोजी सरफोजीला कंपनीने गादीवर बसवले. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १७९९ मध्ये, त्याच्याकडून तह लिहून घेतला. राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. राजाकडे उरला तंजावरचा किल्ला, वर्षाला एक लाख होनांची नेमणूक आणि वसुलाचा पाचवा हिस्सा. ज्या सरकारच्या दारात श्वार्ट्झने न्याय मागितला, त्याच सरकारने न्यायाची फी म्हणून राज्य घेतले. अमरसिंहाच्या बाजूने पाहिले, तर हा पाद्री म्हणजे इंग्रजांच्या हातातली कळ. तो कंपनीचा दुभाषा आणि वकील झाला होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. इंग्रजांच्या अप्रामाणिकपणावर त्याने कोरडे ओढले, पण त्यांच्या राज्यावर मूलतः त्याने शंका घेतली नाही. मुलाला वाचवायचे तर दाद मागायला दुसरे दार नव्हते, आणि त्या दाराला जो उंबरा होता तो ओलांडताना राज्य बाहेर राहिले. त्याची ही मर्यादा मला त्याच्या चांगुलपणाइतकीच खरी वाटते.

तह पाहायला तो जगला नाही. गादीचा दिवसही त्याने पाहिला नाही. १३ फेब्रुवारी १७९८ रोजी, सरफोजीच्या राज्यारोहणाच्या साडेचार महिने आधी, तंजावरातच तो वारला. वय एकाहत्तर. मरणापूर्वी त्याने सरफोजीला जवळ बोलावून न्यायाने वागायला, आळस आणि ऐषाराम टाळायला आणि गरीब ख्रिस्ती प्रजेला जपायला सांगितले. मागे जे काही होते ते मिशनला गेले. अंत्यविधीच्या वेळी सरफोजी आला, पार्थिवावर सोनेरी वस्त्र घातले आणि कबरीपर्यंत चालत गेला. रूढी या गोष्टीला अनुकूल नव्हती, पण त्याने तिची पर्वा केली नाही.

मुलाने काय केले?

पालकाचा खरा ताळेबंद मुलाच्या आयुष्यात निघतो. राज्य गेलेल्या या राजाने चौतीस वर्षांत जे केले, ते पाहून थक्क व्हायला होते. सरस्वती महाल ग्रंथालय मूळ जुने, पण त्याला आजचे रूप दिले सरफोजींनी. संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी हस्तलिखिते, शिवाय युरोपातून मागवलेली पुस्तके. कित्येकांवर राजाची इंग्रजी सही आहे. धन्वंतरी महालात देशी आणि विलायती वैद्यकाचा मेळ घातला. डोळ्यांच्या रोग्यांच्या नोंदी चित्रांसह लिहून ठेवल्या, त्या आजही जपलेल्या आहेत. पुण्यात छापील मराठी पुस्तक कोणाला ठाऊकही नव्हते, तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात तंजावरच्या छापखान्यात देवनागरी ठसे जुळत होते आणि इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या जात होत्या. वेदनायकम हा श्वार्ट्झच्या हाताखाली शिकलेला तमिळ ख्रिस्ती कवी राजाचा बालमित्र. त्यालाही राजाश्रय मिळाला. आणि गुरूचे शेवटचे मागणे राजाने पाळले. गरीब ख्रिस्ती मुलांच्या अन्नाची आणि शिक्षणाची सोय त्याने सरकारातून केली.

श्वार्ट्झला इतिहासकार म्हणणे जरा धाडसाचे होईल. त्याने ग्रंथ लिहिला नाही. पण अठ्ठेचाळीस वर्षे तो हाल्लेला आणि लंडनला पत्रे लिहीत राहिला. दुष्काळ, धाऱ्याची वसुली, बैलांची टंचाई, राजवाड्यातली कुजबुज, सारे त्यात आहे. हाल्लेच्या मंडळींनी अशी पत्रे छापून काढली. आपल्याकडे राजवाड्यांनी गावोगाव हिंडून दप्तरे सोडवली तेव्हा मराठ्यांच्या इतिहासाची साधने हाती आली. तंजावरच्या मराठ्यांची काही साधने जर्मनीतल्या एका अनाथगृहाच्या कपाटात सुखरूप होती. पाद्री हिशेब लिहीत गेला आणि त्याचा इतिहास झाला.

हिशेब लिहून ठेवण्याची ही खोड शिष्यालाही लागली असावी. १८०३ मध्ये सरफोजींनी बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर भोसले घराण्याचा सारा इतिहास मराठीत कोरून घेतला. मराठीतला तो सर्वांत मोठा शिलालेख मानला जातो. चोळांच्या देवळात, तमिळ मुलखाच्या मध्यावर, राज्य हातातून गेल्यावर चार वर्षांनी, भोसल्यांच्या मुलाने आपण कोण हे आपल्या भाषेत दगडावर लिहून ठेवले.

त्याच तंजावरात दुसरा एक दगड आहे, तो संगमरवराचा. किल्ल्यातल्या श्वार्ट्झच्या देवळात तो बसवला आहे. सरफोजींनी लंडनच्या जॉन फ्लॅक्समन या नामांकित शिल्पकाराकडून तो घडवून आणला. म्हातारा पाद्री मृत्युशय्येवर पडला आहे, गेरिके मागे उभा आहे, शाळेतली मुले बिछान्याशी आहेत, आणि पागोटे घातलेल्या मराठी राजाने पाद्र्याचा हात हातात घेतला आहे. गुरूच्या थडग्याच्या शिळेसाठी राजाने स्वतः इंग्रजीत कविताही रचली. त्याला तो बापाच्या जागी मानीत असे, हे तिच्यात उघड आहे.

तंजावरला जाणारे पुणेकर बृहदीश्वराचे शिखर पाहतात, सरस्वती महाल पाहतात आणि पुढे रामेश्वराची गाडी धरतात. त्यांनी अर्धा दिवस अधिक काढावा. आधी देवळाची भिंत वाचावी, मग तो संगमरवर पाहावा. हात सोडायची वेळ आली तेव्हा पाद्र्याने तो सोडला नाही, आणि धरायची वेळ आली तेव्हा राजानेही नाही. एवढेच त्या संगमरवरात कोरलेले आहे.